मागची ओळ: माझा आवाज गेला त्या वर्षाविषयी

दवाखान्यात घशाच्या विकाराने कोणी पडलेला असेल, तर ही चार पाने त्याला कोणीतरी वाचून दाखवावीत. त्याने मध्ये प्रश्न विचारू नयेत; बहुधा त्याला बोलायची मनाईच असेल. औषधांची नावे मी देणार नाही, ती डॉक्टरांना ठाऊक आहेत. मी भीतीबद्दल लिहिणार आहे, कारण तिच्यावरचे औषध कोणी लिहून देत नाही.

मी रत्नागिरीचा, तेल्याचा मुलगा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणतात. माझे नाव हसाजी. यहेज्केल नावाच्या आमच्या एका नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या, नावाचे हे कोकणी रूप. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई आणि तिच्यात पत्रके असत: दारूविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, मिशनची, मिशनविरुद्धची. मी त्यांवरच वाचायला शिकलो आणि मिसरूड फुटायच्या आत स्वतः लिहू लागलो. ‘नवसाचा बाजार’ हे माझे पत्रक अंगाऱ्यावर रोगी बसवून ठेवणाऱ्या भगतांविरुद्ध होते. ते हातात घेऊन मी आठवडी बाजारात बैलगाडीवर उभा राहत असे आणि ओरडत असे. माझ्याजवळ दुसरे हत्यार नव्हते. गळा होता.

त्या थंडीत तो बसला.

आरसा

आवाज आधी जाड झाला, मग फाटला, मग सकाळी यायचा आणि दुपारी जायचा. आईने आले, मध, हळदीचे दूध, सगळे केले. होळी आली तरी फरक नाही, तेव्हा बाबा मला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. कपाळावर गोल आरसा, हातात लांब दांडीचा दुसरा इवलासा आरसा. तो त्यांनी दिव्यावर कोमट केला, फडक्याने माझी जीभ धरून बाहेर ओढली आणि घशात डोकावले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

“गाठ आहे,” डॉक्टर म्हणाले.

“कसली?” बाबांनी विचारले.

“साधी असेल. क्षयाची असेल. तिसरीचं नाव मी आज घेत नाही.”

“नाव घेतलं नाही म्हणून ती जाते का, डॉक्टर?”

“नाही. पण आज घरी जाऊन तुम्हाला दोन घास जेवता येतील.”

आम्ही जेवलो नाही. आईने पाने मांडली होती, ती तशीच राहिली. बाबा ओटीवर बसून घाण्याच्या बैलाकडे बघत राहिले. ज्याच्यावर हा दिवस आला आहे त्याला मी इतकेच सांगतो: त्या दिवशी कोणी शूर नसते. मीही नव्हतो.

वॉर्ड

घसा बधिर करून डॉक्टरांनी गाठ काढली. तिचा तुकडा तपासणीसाठी मुंबईला आगबोटीने गेला. मला त्यांनी बजावले, “एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही; कुजबुजणं बोलण्याहून वाईट. बोललात तर गळा जन्माचा जाईल, मग माझ्याकडे येऊ नका.”

बाबांनी पाटी आणि पेन्सिल आणून दिली.

दवाखान्याचा दिवस लांब असतो. सकाळी झाडूवाली, मग काढ्यासारखा चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग पडून राहणे. माझ्या शेजारच्या खाटेवर सावर्ड्याकडचा धोंडू नावाचा शेतकरी होता. त्याला अंतर्गळ झाला होता. आतड्याचा भाग जांघेत उतरे आणि बोटांनी आत ढकलावा लागे. दोनदा तो अडकून जीव जायची वेळ आली होती. डॉक्टर म्हणत, कापून शिवले पाहिजे. धोंडू सुरीच्या नुसत्या नावाने पांढरा पडे.

मी बोलत नाही हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने झाडूवालीला विचारले. ती म्हणाली, “त्यांचं मौन आहे.”

बस. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला कळले की खिडकीजवळच्या खाटेवर एक मौनी महाराज आहेत.

“तेली असलां म्हणून काय झालां,” धोंडू पलीकडच्या खाटेला सांगत होता, “मौन पाळणां म्हंजे काय खेळ हाय? तुला एक घटका गप बसवंल काय रे?”

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘मी महाराज नाही. मी आजारी आहे.’ आणि पाटी त्याच्यापुढे धरली. धोंडूला वाचता येत नव्हते. त्याने दोन्ही हातांनी पाटी घेतली, अक्षरे कपाळाला लावली आणि पुसली जाऊ नयेत म्हणून जपून परत दिली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गोष्टीविरुद्ध मी गाडीवर उभा राहून घसा फोडला, तीच गोष्ट माझ्या खाटेपाशी हात जोडून उभी होती आणि तिला हाकलायला माझ्याकडे आवाज नव्हता.

तो मला गप्पाही सांगे. एकदा म्हणाला, “म्हाराज, आमच्या बाजारात एक पोरगा आलेला. गाडीवर चढून भगताच्या नावानं निसता आरडत व्हता. आवाज काय त्याचा! पार खाडीपत्तुर जाईल. आमी मंग दगूड मारून पळवला त्याला. मी सोता दोन मारले.”

तो हसला. माझ्या डाव्या खांद्यावर त्याच बाजारातला वण होता. मी कूस बदलली.

मान

डॉक्टर एका सकाळी धोंडूवर चिडले. “उद्या करून घ्यायचं असेल तर राहा. नाहीतर खाट रिकामी कर. पुढच्या वेळी अडकलं तर तू इथवर पोचणार नाहीस.”

दुपारी धोंडू माझ्या खाटेशी येऊन जमिनीवर बसला. त्याचे ओठ सुकले होते.

“म्हाराज, डाक्टर बोलतो, कापाया पायजे. घरला भगत बोलतो, अंगारा लाव न् निजून ऱ्हा, आपोआप वर जाईल. माझी पोरां लहान हायत. मी काय करू? तुमी सांगाल तां मी करीन. कापायचां आसंल तर मान हालवा. नसंल तर आताच गठुडां बांधतो.”

याच विषयावर मी बाजारात घटकाभर बोललो असतो. शरीर काय, आतडे काय, अंगारा म्हणजे चुलीतली राख कशी, सगळे मला पाठ होते. आणि आता माझ्याकडे होती फक्त मान. ती हलवावी, तर मी महाराज झालो. एका अडाण्याची श्रद्धा वापरून घेतली, जे भगत करतो तेच केले. न हलवावी, तर हा माणूस संध्याकाळी गाडीत बसून अंगाऱ्याकडे जाणार आणि मरणार.

मी पाटी उचलली, खाली ठेवली. तो माझ्या मानेकडे बघत होता.

मी मान हलवली. एकदाच, खाली.

“बरां,” तो म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्याला आत नेले. तो बाहेर येईपर्यंत मी दारावरची नजर काढली नाही. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत तो ओकत होता, शिव्या देत होता, पण जिवंत होता.

भोंगा

मुंबईचे उत्तर आगबोटीने यायचे होते. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होतात, मग टपाल घाटावरून फिरून येते आणि उशीर होतो. बंदरात बोट लागली की भोंगा वाजे आणि मी खाटेवर उठून बसे. दोन बोटी आल्या, माझे काही आले नाही. आई रोज पेज घेऊन येई, माझ्याकडे न बघता भांडे पुसत बसे.

अखेरच्या बोटींपैकी एकीने उत्तर आले. डॉक्टर फेरीच्या वेळेआधीच आले, तेव्हा मी खाटेच्या कडेची लोखंडी पट्टी घट्ट धरली.

“साधी,” ते म्हणाले. “क्षय नाही. ते दुसरंही नाही.”

आई तिथेच खाली बसली. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. धोंडू आपल्या खाटेवरून ओरडला, “माजा म्हाराज सुटला!”

अशा वेळी रडू येते. येऊ द्यावे. त्याला आवाज लागत नाही.

खोकला वाजतो

जखम भरली. पावसाने जोर धरला होता तेव्हा डॉक्टरांनी आरसा घालून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “गळा स्वच्छ आहे. बोला आता. आ म्हणा.”

मी ‘आ’ म्हटले. हवा बाहेर आली.

“पुन्हा.”

हवाच.

“खोका.”

मी खोकलो. खोकला वाजला, खणखणीत.

डॉक्टर मागे टेकले. “खोकला वाजतो म्हणजे गळ्यातल्या तारा जुळतात. मग बोलणं वाजत नाही, ते का, मला सांगता येणार नाही. दारात अडलेलं जनावर असतं तसं काहीतरी झालंय. आत सगळं ठीक, पण पाऊल टाकत नाही. त्याला मारून उपयोग नाही. आणि फार दिवस अडू द्यायचंही नाही, नाहीतर ते तिथंच राहायला शिकतं.”

ही बातमी मला गाठीहून वाईट वाटली. गाठीला आकार होता, तिच्यावर राग धरता येत होता. आता आत काहीच नव्हते आणि तरी दार बंद होते. घरी येऊन मी घाण्यामागे जाऊन रोज प्रयत्न करी. मानेच्या शिरा फुगत, तोंड लाल होई, आणि हवा. जितका जोर, तितके घट्ट. रात्री कूस बदलताना वाटे, मी आता फक्त लिहिणारा माणूस झालो. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी मेलो.

नवस

आई आमच्या दुसऱ्या एका नबीला, एलियाहू हन्नबीला, नवस बोलून बसली होती. मुलाचा आवाज आला तर मलिद्याचे ताट, आणि त्याचा आशीर्वाद मुलगा स्वतः म्हणेल. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, नारळ, गूळ, वर पाच फळे. एकेका जिनसेवरचा हिब्रू आशीर्वाद मोठ्याने म्हणून मग वाटतात.

तिने मला हे जेवताना सांगितले. मी घास टाकून पाटी ओढली आणि लिहिले, ‘माझ्या नावाने नवस नको. मागे घे. मी त्याविरुद्ध छापले आहे.’

आईला वाचता येत नव्हते. तिने पाटी बाबांपुढे सरकवली. “काय म्हणतो?”

बाबांनी पाटी नीट वाचली. मग म्हणाले, “म्हणतो, आमटी छान झालीये.”

“एवढं लांबलचक?”

“मिठाचंही लिहिलंय.”

आईने माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. मी ताटावर मूठ आपटली. बाबांनी माझ्याकडे बघितले आणि शांतपणे पाटी पुसून टाकली. मी उठून गेलो. त्या आठवड्यात आम्ही तिघे एका घरात परक्यांसारखे राहिलो. आजार घरातल्या एकाला होतो, पण आवाज सगळ्यांचा बसतो.

बिरड्याचा रोजा

श्रावणाच्या सुमारास आमचा एक उपास येतो. यरुशलेम शहर पडले, तिथले आमचे मंदिर जळाले, त्याचा तो शोक. रोजा सुटताना केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढतात, म्हणून आम्ही त्याला बिरड्याचा रोजा म्हणतो. त्या दुपारी आमच्या पडवीत समाजाची चार घरे जमतात आणि बाबा मराठीत कीर्तन करतात, यहेज्केल नबीचे. शोकाचा दिवस, म्हणून पेटी नाही, टाळ नाहीत. नुसता गळा.

या कीर्तनाची रीत अशी: पुढे उभा राहणारा प्रश्नाची ओळ म्हणतो आणि थांबतो. मागे उभा असलेला उत्तराची ओळ म्हणतो. मग कथा पुढे जाते. पणजोबांनी ती बांधली. लहानपणापासून बाबांच्या मागे मी उभा राहत आलो.

त्या दुपारी शेजारचे शलोमकाका आपणहून उठले. “अब्राहमभाऊ, मागची ओळ मी धरतो.”

“बसा तुम्ही,” बाबा म्हणाले. “मागे हसाजी उभा राहील.”

“अहो, पण तो…”

“उभा राहता येतं ना त्याला?”

चार घरांपुढे माझा हा तमाशा कशाला? मी दात खाल्ले. पण उपाशी बापाशी, शोकाच्या दिवशी, भांडायला माझ्याकडे पाटीसुद्धा नव्हती. मी मागे उभा राहिलो.

बाबांनी सुरुवात केली. नबी परमुलखात नदीकाठी कैदेत आहे. लोक ऐकत नाहीत. तेव्हा देव म्हणतो, मी तुझी जीभ टाळूला चिकटवतो, तू मुका होशील, मी सोडीन तेव्हाच बोलशील. नबी मग बोलत नाही. मातीच्या विटेवर शहराचे चित्र काढतो आणि लोकांपुढे धरतो. लोक बघतात आणि जातात.

मी माझ्या हातांकडे बघितले. पेन्सिलची पांढरी धूळ नखांत होती.

बाबांनी ओळ घेतली:

“टाळूस जडली जीभ, देवा, बोलू मी कैसा?”

आणि थांबले.

पडवीत फक्त पागोळ्यांचा आवाज. सगळे खाली बघत होते. शलोमकाकांनी तोंड उघडले, बाबांनी हात वर करून त्यांना थांबवले. जेवढा वेळ मागच्या ओळीला लागतो तेवढा वेळ त्यांनी मोकळा सोडला आणि मग कथा पुढे नेली.

नबीची बायको मेली. तो मोठ्याने रडला नाही. रडायचीही आज्ञा नव्हती. दाराआड आईने नाक ओढले. बाबांनी पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबले. माझे ओठ हलले. हवा. मला त्यांचा संताप आला. हा माणूस माझी थट्टा करतो आहे का? मग लक्षात आले, ते एकदाही मागे वळलेले नाहीत. कीर्तनकार मागे वळत नाही. मागचा आहे, हे तो धरून चाललेला असतो.

शेवटचा भाग आला. पळून आलेला एक माणूस नबीच्या दारात येतो आणि सांगतो, शहर पडले. तो पोचायच्या आदल्या संध्याकाळी देवाचा हात नबीवर आला होता. बाबांचा आवाज उपासाने कोरडा झाला होता.

“टाळूस जडली जीभ, देवा, बोलू मी कैसा?”

थांबले. नेहमीचा वेळ गेला. ते पुढे गेले नाहीत. आणखी वेळ गेला. त्यांच्या पाठीवर, सदऱ्यातून, घामाचा डाग पसरत होता. ते तिथे पडले असते, पण पुढची ओळ त्यांनी म्हटली नसती.

“बांधली ज्याने, सोडील तोच, धरी भरवसा.”

हे कोण म्हणाले म्हणून मी डावीकडे पाहिले. आवाज खरखरीत होता, सुराच्या खाली होता, माझ्या ओळखीचा नव्हता. शलोमकाका माझ्याकडे तोंड उघडे टाकून बघत होते. आत आईच्या हातून भांडे पडले.

बाबा वळले नाहीत. शोकाचे आख्यान मध्येच तोडत नाहीत. त्यांनी कापऱ्या आवाजात पुढची ओळ घेतली, थांबले, आणि मी मागची दिली. पुन्हा घेतली, पुन्हा दिली. शेवटपर्यंत. मग ते खाली बसले, पंच्याने तोंड पुसले आणि म्हणाले,

“सूर खाली लागला तुझा.”

डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी ‘आ’ म्हणून दाखवले. त्यांनी दोनदा म्हणायला लावले. “गाठ मी काढली,” ते म्हणाले, “हे मी केलेलं नाही. कुणी केलं ते वडिलांना विचारा.” बाबांना विचारले तर ते म्हणाले, “नबीला विचार.”

मला विचाराल तर मी आजही अंगाऱ्याविरुद्ध लिहितो आणि गाठ झाली तर डॉक्टरकडेच जा म्हणून सांगतो. पण ती ओळ मी म्हटली नाही. सगळा जोर लावून मी हरलो होतो, तेव्हा ती माझ्याकडून म्हणवली गेली. हे लपवले तर मी खोटे पत्रक छापले असे होईल. म्हणून लिहिले.

ताट

आईने शनिवारी संध्याकाळी ताट मांडायचे ठरवले. सकाळी मी तिला म्हणालो, “मी नवस मानत नाही.”

“मी कुठं विचारलं?” आई म्हणाली. “तू बोलतोयस तेवढं बोल.”

मी बसायचे की नाही ते ठरले नव्हते. दुपारी दारात धोंडू उभा. लावणी आटोपून डॉक्टरांना टाके दाखवायला आला होता आणि तेल्याचे घर विचारत आला. हातात घरच्या केळ्यांची फणी. मला बघून तो पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला खांद्याला धरून उभा केला.

“धोंडू, मी महाराज नाही. मला घशात गाठ झाली होती.”

तो दचकून मागे सरला. “बोललात? मंग मौन?”

“मौन नव्हतंच. डॉक्टरची मनाई होती. आणि तुमच्या बाजारात भगताविरुद्ध ओरडणारा पोरगा मीच. हा बघ तुझा दगड.” मी सदरा बाजूला करून वण दाखवला.

धोंडूने वणाकडे बघितले. मग आपल्या जांघेवर, टाक्यांवर, हात ठेवला.

“हा माजाच आसंल,” तो म्हणाला. “मी डाव्या अंगाला उभा व्हतो.” मग, “मंग बरां झालां, तुमाला गाठ आली. बोलला आसतात तर मी घरला गेलो आसतो.”

मी सदरा सारखा केला आणि त्याला आत बोलावले.

आईने त्याच्या हातातली केळी घेतली आणि ताटात मांडली. चार फळे होती, पाचवे मिळाले. संध्याकाळी मी ताटापुढे बसलो आणि केळ्यावरचा आशीर्वाद मोठ्याने म्हटला. सगळे ‘आमेन’, म्हणजे तसेच होवो, म्हणाले. धोंडूला तो शब्द येत नव्हता, म्हणून बाबांनी त्याला मानेनेच म्हण अशी खूण केली.

त्याने मान हलवली. एकदाच, खाली.